डिझेल ट्रकसाठी आफ्टरमार्केट ऑइल फिल्टर कसा निवडायचा: नुसता बसला म्हणजे चालला असं नसतं

ऑइल फिल्टर घेताना बहुतेक जण दोनच गोष्टी बघतात, आटे बसतायत का आणि सील नीट टेकतंय का. बसला, लीक नाही, झालं काम. पण एकाच आट्याचे, एकाच उंचीचे, एकाच रंगाचे दोन डबे आतून पूर्ण वेगळे असू शकतात आणि इंजिनला फरक पडतो तो आतल्या मालानेच. कंपनीचाच फिल्टर घ्या, बाकी सगळं भंगार, असं मी अजिबात म्हणणार नाही, कारण चांगले आफ्टरमार्केट (म्हणजे इंजिन कंपनी सोडून दुसऱ्यांनी बनवलेले) फिल्टर भरपूर आहेत आणि काही तर मूळ फिल्टरपेक्षा सरस पण आहेत. फक्त ते ओळखायचे कसे हे माहीत पाहिजे.

पहिलं काम: इंजिन नक्की कुठलं ते बघा

ट्रकच्या मॉडेलवरून फिल्टर शोधू नका, इंजिनवरून शोधा. एकाच मॉडेलच्या ट्रकमध्ये वेगवेगळी इंजिनं येतात आणि कधी कधी तर मधल्या वर्षात कंपनी फिल्टर हेडच (इंजिनवरची फिल्टर बसायची जागा) बदलते, म्हणून इंजिनवरच्या प्लेटवरचा मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबर लिहून घ्या. मग मॅन्युअलमधून मूळ फिल्टरचा पार्ट नंबर काढा. जुना काढलेला फिल्टर बघून नंबर घेऊ नका बरं का, कारण आधीच्या माणसाने चुकीचा लावलेला असेल तर तीच चूक पुढे चालत राहते.

मूळ फिल्टरबद्दल एवढं टिपून ठेवा: तो डबावाला आहे का आत कागदी एलिमेंट टाकायचा आहे, तोंड वर करून बसतो का खाली का आडवा, बायपास व्हॉल्व्ह (फिल्टर चोंदला तर ऑइलला बाजूने वाट देणारी झडप) फिल्टरमध्ये आहे का इंजिनच्या फिल्टर हेडमध्ये, आणि फिल्टर साधा फुल फ्लो (सगळं ऑइल एकाच एलिमेंटमधून) आहे का कॉम्बो. कॉम्बो म्हणजे एकाच डब्यात दोन एलिमेंट, एकातून मुख्य ऑइल जातं आणि दुसऱ्या घट्ट एलिमेंटमधून थोडंसं ऑइल हळूहळू गाळलं जातं. मोठ्या डिझेल इंजिनात हे बऱ्याचदा दिसतं. तिथे साधा फुल फ्लो फिल्टर चढवला तर आट्यावर बसेल, गाडी पण चालेल, पण ती बारीक गाळणी गेली ती गेलीच.

क्रॉस रेफरन्सवर किती भरवसा ठेवायचा

प्रत्येक फिल्टर कंपनीचा चार्ट असतो, मूळ नंबर टाकला की त्यांचा नंबर येतो. सुरुवात तिथूनच करायची, पण शेवट तिथे करायचा नाही. चार्ट सांगतो की हा फिल्टर त्या जागी लावता येईल, तो आतून जसाच्या तसा आहे असं सांगत नाही. आणि एक घोळ फार लोक घालतात, अ कंपनीच्या चार्टमधून ब चा नंबर काढला, मग ब च्या चार्टमधून क चा, मग क चा घेतला. प्रत्येक टप्प्यावर थोडं थोडं जुळवून घेतलेलं असतं, तीन उड्यांनंतर तुमच्या हातात भलतंच काहीतरी असतं. दर वेळी मूळ इंजिन कंपनीच्या नंबरवरूनच शोधा.

पार्ट नंबरची अक्षरं वाचायला शिकलात तर बरंच कळतं. फ्लीटगार्ड या फिल्टर कंपनीच्या नंबरात एलएफ म्हणजे ल्यूब म्हणजे ऑइलचा, एफएफ म्हणजे डिझेलचा, एफएस म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा, एचएफ म्हणजे हायड्रॉलिकचा. मान या दुसऱ्या फिल्टर कंपनीच्या नंबरात डब्ल्यू ने सुरू होतो तो साधारण डबावाला ऑइल फिल्टर, डब्ल्यूके आला की तो डिझेलचा, आणि एचयू म्हणजे धातू नसलेला एलिमेंट. हे सांगायचं कारण असं की डिझेल फिल्टर आणि हायड्रॉलिक फिल्टर कधी कधी ऑइल फिल्टरच्याच आट्यावर बसतात. त्यांचे व्हॉल्व्ह वेगळे, मीडिया (आतला गाळायचा कागद) वेगळा, दाब सोसायची ताकद वेगळी. ते इंजिन ऑइलला लावायचे नाहीत, तात्पुरते पण नाहीत.

बायपास व्हॉल्व्ह: इथे घाई करू नका

ही गोष्ट डब्यावर बाहेरून दिसत नाही आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते. फिल्टर चोंदला किंवा थंडीत ऑइल घट्ट झालं की मीडियातून पुरेसं ऑइल जात नाही. तेव्हा इंजिन कोरडं पडू नये म्हणून हा व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे सोडतो. घाण ऑइल चालेल पण ऑइलच नाही हे चालणार नाही, असा हिशोब आहे आणि तो बरोबर आहे.

व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे फिल्टरच्या आधीचा दाब आणि नंतरचा दाब यातल्या फरकावर ठरतं. वेगवेगळ्या फिल्टरमध्ये हे सेटिंग साधारण ८ ते २५ पीएसआय (दाब मोजायचं एकक) असतं, काही हेवी ड्युटीमध्ये त्याहून जास्त. आता समजा तुमच्या इंजिनला २० च्या वरचं सेटिंग पाहिजे आणि तुम्ही ८ ते १० वाला फिल्टर चढवला. थंड स्टार्टला उघडा, चढावर आरपीएम वाढवला की उघडा, फिल्टर थोडा भरला की उघडा. म्हणजे महाग मीडिया आत बसलेला असून ऑइल त्याच्या बाजूने निघून जातंय, आणि डॅशबोर्डवर काहीच दिसत नाही कारण दाबाचा काटा एकदम नॉर्मल असतो.

उलटा प्रकार यापेक्षा वाईट. काही इंजिनात बायपास फिल्टर हेडमध्येच असतो, म्हणून त्यांच्या मूळ फिल्टरमध्ये व्हॉल्व्ह मुळात नसतो. तसा बिनव्हॉल्व्हचा फिल्टर जर अशा इंजिनवर लावला की ज्याच्या हेडमध्ये पण व्हॉल्व्ह नाही, तर फिल्टर चोंदल्यावर ऑइलला जायला वाटच राहत नाही. मग एकतर मीडिया फाटतो आणि सगळी साठलेली घाण एकदम बेअरिंगकडे जाते, नाहीतर बेअरिंग उपाशी राहतात. आणि हेडमध्ये व्हॉल्व्ह असताना फिल्टरमध्ये पण कमी सेटिंगचा व्हॉल्व्ह असेल तर कमी सेटिंगवाला आधी उघडणार, इंजिन कंपनीने ठरवलेलं सेटिंग बाजूलाच राहिलं.

म्हणून फिल्टर कंपनीच्या कॅटलॉगमधलं त्या नंबरचं पान काढा, तिथे बायपास सेटिंग लिहिलेलं असतं. मूळ फिल्टरच्या आकड्याशी जुळवा. ज्या कंपनीचा हा आकडा कुठेच सापडत नाही तिचा फिल्टर मी तरी ट्रकला लावणार नाही.

अँटी ड्रेनबॅक व्हॉल्व्ह

आतल्या बाजूला रबराची एक चकती असते, इंजिन बंद झालं की ती फिल्टरमधलं ऑइल परत खाली वाहून जाऊ देत नाही. फिल्टर आडवा किंवा तोंड खाली करून बसत असेल तर ही चकती फार महत्त्वाची, तोंड वर करून उभा बसत असेल तर ऑइल आपोआपच डब्यात राहतं, तिथे एवढं अडत नाही. चकती गळकी असली तर सकाळी स्टार्ट केल्यावर प्रेशरचा दिवा नेहमीपेक्षा जास्त वेळ पेटलेला राहतो आणि वरून खडखड येते, आणि टर्बोला पण तेवढा वेळ ऑइल पोचत नाही.

रबर दोन प्रकारचं, नायट्राइल आणि सिलिकॉन. नायट्राइल उष्णतेने हळूहळू कडक होतं, सिलिकॉन गरमीत आणि थंडीत दोन्हीकडे मऊ राहतं. लांब इंटरव्हलवर, म्हणजे जास्त किलोमीटरनंतर, ऑइल बदलत असाल तर सिलिकॉन घ्या. सिलिकॉन बहुतेक वेळा नारिंगी किंवा लाल असतं, पण नुसत्या रंगावर जाऊ नका, रंग कुणीही देऊ शकतो, कॅटलॉगमध्ये काय लिहिलंय ते बघा.

मायक्रॉनचा आकडा कसा वाचायचा

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाकिटावर २० मायक्रॉन असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि लोक खूश होतात. पण नुसता मायक्रॉनचा आकडा काहीच सांगत नाही, २० मायक्रॉनचे किती टक्के कण अडतात हे महत्त्वाचं. नॉमिनल म्हणजे ढोबळ रेटिंग असेल तर त्या आकाराचे निम्मेच कण अडत असतील. म्हणजे दोन फिल्टर, दोघांवर २० मायक्रॉन, एक ५० टक्के पकडतो आणि दुसरा ९९ टक्के.

इथे बीटा रेशो नावाचा आकडा कामाला येतो. फिल्टरच्या आधी त्या आकाराचे जेवढे कण होते त्याला नंतर उरलेल्या कणांनी भागलं की बीटा. बीटा २ म्हणजे दोनातला एक अडला, ५० टक्के. बीटा २० म्हणजे ९५ टक्के, बीटा ७५ म्हणजे ९८.७ टक्के, बीटा १०० म्हणजे ९९ टक्के, बीटा २०० म्हणजे ९९.५ टक्के. बीटा कितीही मोठा दिसला तरी तो कुठल्या मायक्रॉनला आहे ते सोबत लिहिलेलं नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. आणि टेस्ट कुठल्या पद्धतीने केली ते पण बघा, इंजिन ऑइल फिल्टरसाठी आयएसओ ४५४८-१२ ही मल्टीपास टेस्ट आहे, म्हणजे धूळ मिसळलेलं ऑइल फिल्टरमधून पुन्हा पुन्हा फिरवून कण मोजतात. तिचा उल्लेख असेल तर आकडे एकमेकांशी तुलना करण्यासारखे आहेत असं समजा.

हे एवढं कशासाठी? माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, डोळ्याला ४० च्या खालचा कण दिसतच नाही, आणि चालू इंजिनात बेअरिंगमधली ऑइलची फिल्म काही मायक्रॉनचीच असते. म्हणजे जे कण खरं झिजवतात ते आपल्याला दिसत पण नाहीत. डिपस्टिकवरचं ऑइल बोटावर चोळून स्वच्छ आहे म्हणणं, त्याला अर्थ नाही.

काजळीचं मात्र वेगळं आहे. डिझेलचं ऑइल बदलल्यावर लगेच काळं होतं आणि लोक फिल्टरला शिव्या घालतात. काजळीचा एक कण ०.१ मायक्रॉनपेक्षा पण लहान असतो, तो कुठलाच फुल फ्लो फिल्टर अडवत नाही, अडवायचा पण नसतो. त्याला सुटासुटा तरंगत ठेवायचं काम ऑइलमधल्या डिस्पर्संटचं आहे. ते ॲडिटिव्ह संपलं की काजळीचे गोळे होतात, ऑइल घट्ट होतं आणि मग फिल्टर चोंदतो. तेव्हा ऑइल काळं आहे यावरून फिल्टर वाईट ठरवू नका.

ज्या इंजिनात इंजेक्टरच इंजिन ऑइलच्या दाबावर चालतात, उदाहरणार्थ फोर्डचं ७.३ लिटर आणि ६.० लिटर पॉवर स्ट्रोक किंवा इंटरनॅशनलचं डीटी ४६६ई, तिथे फिल्टरमध्ये काटकसर करूच नका. तिथे तेच ऑइल ३,००० पीएसआयच्या आसपासच्या दाबाने इंजेक्टरमध्ये जातं, घाण गेली तर झीज बेअरिंगपुरती राहत नाही, इंजेक्टर पण जातात.

मीडिया आणि क्षमता

मीडिया म्हणजे आतला गाळायचा कागद. सेल्युलोजचा स्वस्त, नेहमीच्या इंटरव्हलला ठीक. सेल्युलोज आणि सिंथेटिक मिक्स, मधला पर्याय. आणि पूर्ण सिंथेटिक, म्हणजे काचेचे अतिशय बारीक तंतू, बऱ्याचदा मागून तारेच्या जाळीचा आधार दिलेला. सिंथेटिकमध्ये तंतू एकसारखे असतात त्यामुळे बारीक कण पण अडतात आणि ऑइलचा रस्ता पण फार आवळत नाही.

पण फक्त बारीक गाळणारा फिल्टर घेऊन भागत नाही, त्याला घाण साठवायला जागा पाहिजे. ही क्षमता ग्रॅममध्ये देतात. छोट्या डब्यात अतिशय बारीक मीडिया घातला तर तो लवकर भरतो, बायपास उघडतो, आणि शेवटी साध्या फिल्टरपेक्षा वाईट परिस्थिती होते. म्हणून इंटरव्हल आधी ठरवा, मग फिल्टर. मॅन्युअलमधल्या नेहमीच्या इंटरव्हलवर बदलत असाल तर चांगल्या कंपनीचा मिक्स मीडिया पुरेसा आहे, उगाच जास्त खर्च करायची गरज नाही. इंटरव्हल वाढवायचा असेल तर सिंथेटिक, जास्त क्षमतेचा, आणि सोबत ऑइलची लॅब टेस्ट, हे तिन्ही लागतं. गाडी खूप आयडलिंग करते, धुळीत चालते किंवा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) वारंवार रीजन घेतं, म्हणजे साठलेली काजळी जाळतं, तर इंटरव्हल वाढवायचा विचारच सोडा, कारण रीजनच्या वेळी डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं.

आटे, सील, उंची

सगळ्यात फसवी जोडी म्हणजे एम २० बाय १.५ आणि ३/४ इंच, इंचाला १६ आटे. एक २० एमएम, दुसरा १९.०५ एमएम. पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, पण जवळजवळ सारखी, १.५ आणि १.५९ एमएम. एम २० चा फिल्टर ३/४ च्या नळीवर फिरतो, बसल्यासारखा वाटतो, सील पण टेकतं, पण आटे अर्धवटच धरलेले असतात आणि दाब आला की तो सुटून उडू शकतो. मग काही सेकंदांत सगळं ऑइल रस्त्यावर. फिल्टर चढवताना हाताला हलतोय, डुगडुगतोय असं वाटलं तर तिथेच थांबा आणि आटे मोजा.

सीलचा आतला आणि बाहेरचा व्यास मूळ सीलशी जुळला पाहिजे, नाहीतर ते हेडच्या सपाट भागावर पूर्ण बसत नाही. त्याच आट्याचा लांब डबा मिळत असेल तर घेणं चांगलं, मीडिया जास्त येतो, फक्त ॲक्सल, स्टिअरिंग आणि एक्झॉस्ट पासून अंतर नीट बघा, गाडी खड्ड्यात दबली तरी लागता कामा नये, आणि बायपास सेटिंग तेच पाहिजे.

एलिमेंटवाल्या इंजिनात उंची हाच मुख्य मुद्दा. मघाशी सांगितलेल्या ६.० लिटर पॉवर स्ट्रोकचंच बघा, मूळ टोपण बुटकं आहे आणि बाजारात उंच टोपणं आणि त्यांचे उंच एलिमेंट पण मिळतात. टोपण एका उंचीचं आणि एलिमेंट दुसऱ्या उंचीचा असं झालं की एलिमेंट जागेवर घट्ट बसत नाही आणि ऑइल न गाळता निघून जातं. टोपण आणि एलिमेंट एकाच जोडीचे पाहिजेत.

फिल्टर कापून बघा

पहिल्यांदा एखादी कंपनी वापरताय तर वापरून झालेला तिचा फिल्टर कापा. करवतीने नाही, लोखंडाचा भुसा आत पडतो आणि मग काहीच कळत नाही, फिल्टर कटर वापरा, तो डब्याचं तोंड गोल कापून देतो. आत बघायचं ते असं. घड्या एकसारख्या अंतरावर आहेत का, का एका बाजूला गोळा झाल्यात. मीडिया जिथे जोडलाय तो सांधा वरपासून खालपर्यंत चिकटलेला आहे का, बोटाने हलकेच ओढून बघा. टोकाच्या चकत्या आणि मीडिया यांच्यामध्ये कुठे फट आहे का, कारण तिथून ऑइल गाळल्याशिवाय जातं आणि बीटा रेशोचा सगळा हिशोब फुकट जातो. मधली नळी दबलेली, पिळलेली आहे का. स्प्रिंग एलिमेंटला नीट वर दाबून धरते का. रबराची चकती दुमडून बघा, तडे गेले किंवा पुठ्ठ्यासारखी कडक झाली तर तो फिल्टर तुमच्या इंटरव्हलला पुरत नाही.

मग मीडियाचा एक पट्टा कापा, फडक्यात घेऊन ऑइल पिळून काढा आणि उन्हात पसरून बघा. चमकणारे कण दिसले तर चुंबक फिरवा. चिकटले तर लोखंड, नाही चिकटले आणि तांबूस किंवा पांढरट चमक असेल तर बेअरिंगचा किंवा ॲल्युमिनियमचा माल. एखाददुसरा कण नवीन इंजिनात चालतो, भरपूर असतील तर फिल्टरचा विषय सोडा आणि इंजिन दाखवा.

नकली फिल्टर पण असेच पकडले जातात. पाकिटावरचं प्रिंट पुसट, स्पेलिंग चुकलेलं, डब्यावरचा बॅच नंबर नाही, वजन हातात घेतल्यावरच कमी, आट्यांवर धातूचं कात्रण लागलेलं, यातलं काहीही दिसलं तर परत करा. कंपनीने पाकिटावर स्कॅन करायचा कोड दिला असेल तर विकत घेतानाच स्कॅन करा.

बसवताना

जुना फिल्टर काढल्यावर त्याचं सील त्याच्यासोबत आलं का ते हाताने चाचपून बघा. जुनं सील हेडला चिकटून राहिलं आणि त्यावर नवीन चढलं तर सुरुवातीला लीक पण होत नाही, गाडी लोडवर गेली की मग एकदम सुटतं. हेड पुसून घ्या, नवीन सीलला बोटाने ऑइल लावा, सील टेकल्यावर हाताने पाऊण ते एक फेरा, किंवा डब्यावर जेवढं लिहिलंय तेवढं. पाना लावून करकचून आवळायचा नाही. एलिमेंटवाला असेल तर टोपणाचा ओ रिंग दर वेळी नवीन आणि टॉर्क मॅन्युअलप्रमाणे.

फिल्टर आधी ऑइलने भरून लावायचा का नाही हे मॅन्युअल सांगेल तसं, काही इंजिन कंपन्या भरा म्हणतात, काही भरू नका म्हणतात. भरायचा असेल तर कडेच्या छोट्या भोकांतून भरा, मधल्या मोठ्या भोकातून कधीच नाही. कडेची भोकं म्हणजे आत येणारी बाजू आणि मधलं भोक म्हणजे गाळून बाहेर जाणारी, मधून ओतलेलं ऑइल न गाळता थेट बेअरिंगला जातं. काही फिल्टरांसोबत मधल्या भोकाला लावायला प्लास्टिकचं बूच येतं, भरताना चूक होऊ नये म्हणून. ते फिल्टर चढवायच्या आधी काढलंच पाहिजे, राहिलं तर ऑइलचा रस्ता बंद.

स्टार्ट केल्यावर प्रेशर काही सेकंदांत आलं पाहिजे, नाही आलं तर लगेच बंद करा, रेस देऊन बघू नका. आलं की दोन चार मिनिटं आयडलला ठेवून खालून टॉर्च मारून सील बघा, बंद करून लेव्हल बघा, आणि पहिल्या फेरीनंतर परत एकदा बघा. डब्यावर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा, पार्ट नंबर आणि बिल वहीत ठेवा, वॉरंटीचा प्रश्न आला तर फिल्टर स्पेसिफिकेशनप्रमाणे होता हे दाखवायला तेच लागतं.

पुढच्या ऑइल बदलाला लॅब टेस्ट करून घेतली तर रिपोर्टमध्ये लोखंड, तांबं, शिसं आणि सिलिकॉनचे (इथे रबर नाही, धुळीतलं मूलद्रव्य) आकडे येतात. सिलिकॉन आणि लोखंड सोबत वाढत असेल तर ऑइल फिल्टर बदलत बसू नका, आधी एअर फिल्टर आणि त्याचे होज तपासा, धूळ तिथून आत येत असते. सिलिकॉन जागेवर आणि नुसतं लोखंड वाढलं, तर इंटरव्हल कमी करा आणि वर सांगितल्याप्रमाणे फिल्टर कापून बघा.